नदीला जाब विचारणारं मराठी गाणं कुठलं?

मुठेकाठी

नमस्कार मंडळी,

मोठ्या नद्यांवरची गाणी ऐकताना एक फरक सारखा जाणवतो, तो तुमच्यापुढे ठेवते.

मिसिसिपीवरचं 'ओल मॅन रिव्हर' अनेकांनी ऐकलं असेल. १९२७ सालच्या 'शो बोट' या संगीतिकेतलं. संगीत जेरोम कर्नचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे. धक्क्यावर ओझी वाहणारा काळा हमाल नदीकडे बघून गातो, की आम्ही इथे राबून मरतोय आणि हा म्हातारा सगळं बघूनही अवाक्षर न काढता वाहतोच आहे. १९३६ च्या चित्रपटात ते पॉल रॉबसनने गायलं आणि पुढे आयुष्यभर त्याच्या नावाशी जोडलं गेलं.

भूपेन हजारिका न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा त्यांची रॉबसनशी ओळख झाली. त्या गाण्यातून त्यांचं असमिया 'बिस्तीर्ण पारोरे' आलं. त्यात ब्रह्मपुत्रेला, म्हणजे 'बुढा लुइत'ला, तोंडावर विचारलंय: तुझ्या दोन्ही काठांवर एवढा हाहाकार माजलाय, तरी तू गप्प राहून वाहतोस कसा? हिंदीत पं. नरेंद्र शर्मांच्या शब्दांत तेच 'गंगा बहती हो क्यूँ' झालं आणि देशभर पोचलं.

आता आपल्याकडे या. गोदावरी १४६५ किलोमीटर, कृष्णा साधारण १४०० किलोमीटर, भीमा ८६१. नद्यांना तोटा नाही, गाण्यांनाही नाही. पण आपण नदीला माई म्हणतो, तिची ओटी भरतो, तिच्याकडे मागणं मागतो. भांडत नाही. नदीला खडसावणारं, निदान तिच्यावर रुसणारं एखादं लोकप्रिय मराठी गाणं आहे का? नसेल तर का नसावं?

भावगीत, चित्रपटगीत, लोकगीत, शाहिरी, काहीही चालेल. फक्त गाणं लोकांच्या तोंडी असलेलं हवं. कवितांसाठी वेगळा धागा काढू.

चहाबाज

मस्त विषय. जागा धरून ठेवतोय, रात्री सविस्तर लिहितो.

सप्तसूर

ताई, सुरुवात मी करतो. 'संथ वाहते कृष्णामाई', सुधीर फडके. 'चंद्रभागेच्या तीरी', प्रल्हाद शिंदे. 'इंद्रायणी काठी देवाची आळंदी' हा संतांचा अभंग, भीमसेनजींच्या आवाजात. गीतरामायणात 'सरयू तीरावरी अयोध्या' आहे, गुहाच्या नावेचं 'नकोस नौके परत फिरू' आहे. 'नाविका रे' तर आहेच. यांत भांडण कुठे नाही. नदीशी भांडायचं कशाला, असा माझा साधा प्रश्न आहे. ती देते, आपण घेतो.

रेडिओवेडा

सप्तसूर काका, 'इंद्रायणी काठी' संतांचं नाही, गदिमांचं आहे. 'गुळाचा गणपती', १९५३, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. आळंदीच्या वाटेवरही ते संतवाणी म्हणून गायलं जातं, गदिमांना याहून मोठी दाद काय हवी!

'संथ वाहते'चंही सांगून टाकतो, कारण या धाग्यावर ते पुन्हा येणार. शब्द गदिमांचे, आवाज बाबूजींचा, पण चाल दत्ता डावजेकरांची. त्याच नावाचा चित्रपट, १९६७. डावजेकरांचं नाव नेहमी गळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कोथरूडचा_बंड्या

विषय महानद्यांचा आहे ना? इंद्रायणी कधीपासून महानदी झाली? उद्या आंबील ओढ्यावरची गाणी येतील.

भीमथडी

बंड्या, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. आपली मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. तीच भीमा उजनीत अडते, तिथून सुटून पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते आणि रायचूरकडे कृष्णेत जाते. म्हणजे 'इंद्रायणी काठी', 'चंद्रभागेच्या तीरी' आणि 'संथ वाहते कृष्णामाई' ही तिन्ही गाणी एकाच पाण्याची आहेत. आंबील ओढाही मुठेलाच मिळतो, तेव्हा त्याच्यावरचं गाणं मिळालं तर जरूर टाक.

कोथरूडचा_बंड्या

मान्य आहे राव. मग मी 'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का' टाकतो. पी. सावळाराम, वसंत प्रभू, लताबाई. दोन महानद्या एकाच गाण्यात.

रेडिओवेडा

त्यातल्या नद्या लेकीच्या पाठवणीच्या आहेत रे. पण असू दे, लग्नात ते लागलं की मांडवातला बाप अजून कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहतो.

वाईकर

मुठेकाठी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सप्तसूर काकांच्या यादीतच पहिल्या नंबरला आहे. 'संथ वाहते कृष्णामाई' आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यातले शब्द ऐकू येईनासे झालेत. चाल शांत, बाबूजींचा आवाज शांत, त्यामुळे सगळ्यांना ते भक्तिगीत वाटतं. धृपदाची दुसरी ओळ आठवा: काठावरच्या सुखदुःखाची तिला जाणीवच नाही. रॉबसनचा हमाल दुसरं काय म्हणतोय?

पुढे गदिमा म्हणतात, ही नदी म्हणजे निसर्गाची नीती आहे, तिला लाभ-हानी कळत नाही. कोणी हिला आई म्हणतं, कोणी देवता मानतं, कोणी दगडाची मूर्ती घडवून पूजतं. वाईत वाढलेल्या माणसाला हे कडवं जरा लागतं, कारण आमच्याकडे थंडीच्या दिवसांत घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. देवीची मूर्ती बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. लहानपणी मी त्याच मांडवात हे गाणं ऐकलंय. जिची आरती चालली होती तिला काठावरच्यांची जाणीव नाही असं कर्ण्यातून वाजत होतं आणि कोणालाही ते खटकत नव्हतं. आजही खटकत नाही. मला त्या उत्सवाची ओढ आहे आणि त्या गाण्याचीही, दोन्ही मनापासून.

मुठेकाठी

वाईकर, फार छान लिहिलंत. दुसरी ओळ माझ्या डोक्यात होती, पण मूर्तीच्या कडव्याचा असा विचार केला नव्हता.

तरी एक फरक उरतो. गदिमा नदी*बद्दल* बोलतात, नदी*शी* बोलत नाहीत. तिला जाणीव नाही, एवढं सांगून ते बाजूला होतात. भूपेनदा समोर उभं राहून 'का?' असं विचारतात. नदीला कळत नाही हे त्यांनाही माहीत आहे, तरी विचारतात, आणि ऐकणाऱ्याला तो प्रश्न स्वतःलाच विचारल्यासारखा लागतो. ते 'का?' मला मराठीत हवंय.

इंदापूरचा_गडी

ताई, तुम्ही शेवटच्या कडव्यापर्यंत गेला नाहीत. गदिमा बाजूला होत नाहीत, उलट तिथे ते बरोब्बर माणसाची मानगूट धरतात. एवढं उदंड पाणी सतत वाहतंय, ते वळवून रानात न्यायला कोणी नाही, मग आळशाला गंगा फळणार कशी? असा त्या कडव्याचा अर्थ आहे. जाब विचारलाय, पण नदीला नाही. काठावर हात जोडून बसलेल्याला विचारलाय.

गाणं १९६७ चं. आपल्याकडे धरणं, कालवे, पाटबंधारे यांची स्वप्नं बघण्याचे ते दिवस. माणदेशातल्या माणसाने लिहिलंय हेही ध्यानात घ्या. गदिमा माडगूळचे, आटपाडीकडचे. ज्या मुलुखात पावसाळ्यातही आभाळाकडे बघत बसावं लागतं, तिथला माणूस कृष्णेचं पाणी नुसतं वाहून जाताना बघतो तेव्हा त्याला आरती सुचत नाही.

आमचं रान कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. पाणी वरच्या गावांत जिरतं, आमच्यापर्यंत आलं तर आलं. पाळी चुकली की आम्ही नदीला कधी बोल लावत नाही, दाराची किल्ली कुणाकडे आहे ते आम्हाला माहीत असतं. नदीला 'तू गप्प का' विचारणं मला शहरातल्या माणसाचं वाटतं. हे रागाने लिहीत नाहीये.

सप्तसूर

शेवटचं कडवं रेडिओवर बरेचदा कापलं जायचं की काय कोण जाणे, माझ्या कानावर ते कमीच पडलंय. आज संध्याकाळी पूर्ण ऐकतो.

लुइतपार

असमात नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली आहेत, सध्या मुक्काम औंध. इंदापूरच्या दादांचं म्हणणं पटतं, पण ब्रह्मपुत्रेच्या काठी उभं राहिलं की भूपेनदांचा प्रश्न शहरी वाटत नाही.

तिथे पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसेनासा होतो. नदी दर वर्षी पात्र बदलते आणि जमीन कापून नेते. माजुली हे नदीतलं जगप्रसिद्ध बेट आहे, वैष्णव सत्रांचं, म्हणजे मठांचं, माहेरघर. ते वर्षानुवर्षं झिजत आलंय. आज घर आहे, पुढल्या वर्षी घरही नाही आणि घराखालची जमीनही नाही. पुराचं पाणी ओसरतं, पण कापून नेलेली जमीन परत येत नाही. अशा माणसाने नदीला 'का?' विचारणं अगदी साहजिक आहे. कालव्याच्या दाराला किल्ली असते. लुइतला किल्ली नाही.

आणखी एक. ब्रह्मपुत्र हा नद, पुरुष. मिसिसिपीच्या गाण्यात म्हातारा बाबा आहे, असमियातही बुढा लुइत आहे, त्यामुळे गाणं अलगद रुजलं. घरातल्या हुक्का ओढत बसलेल्या आजोबांना नातवाने विचारावं, तसं ते विचारणं आहे. हिंदीत मात्र समोर गंगा आली, आई आली. आईला 'तू वाहतेस तरी का?' विचारायला जीभ उचलत नाही. म्हणून हिंदी गाणं मला असमियापेक्षा जास्त धारदार वाटतं. आपल्याकडे असं गाणं का झालं नाही याचं एक कारण इथेही असेल. आपल्या झाडून सगळ्या मोठ्या नद्या माया, माई, बाई.

२०१७ मध्ये ढोला-सदिया पूल झाला, ९.१५ किलोमीटरचा, लोहित नदीवर. त्याला भूपेनदांचंच नाव दिलंय. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. पण तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांचं गाणं लागतं तेव्हा लोक पुरस्कारांबद्दल बोलत नाहीत, सोबत गातात.

पाचवी_ब

मी शाळेत शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

'ओल मॅन रिव्हर'बद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. गाणं काळ्या हमालाच्या तोंडी असलं तरी लिहिणारे दोघेही गोरे होते, आणि मूळ शब्दांत थकवा आहे, हार आहे. जगण्याला कंटाळलोय आणि मरणाला भितोय, असा भाव आहे. रॉबसनने तीसच्या दशकाच्या शेवटी कार्यक्रमांत ते शब्द बदलून गायला सुरुवात केली. रडण्याऐवजी हसत राहीन आणि मरेपर्यंत लढत राहीन, असं तो गाऊ लागला. चाल तीच, नदी तीच. हमाल मात्र वेगळा झाला. १९५० मध्ये अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत परत दिला नाही. त्या काळात, १९५७ साली, त्याने अटलांटिक पलीकडच्या वेल्समधल्या खाणकामगारांसाठी टेलिफोनवरून गाणी म्हटली.

भूपेनदांना भेटलेला रॉबसन हा शब्द बदललेला रॉबसन आहे. त्यामुळे त्यांच्या गाण्यातली चीड कर्न-हॅमरस्टाइनकडून आलेली नाही, ती रॉबसनकडून आलीय असं मला ठामपणे वाटतं.

चहाबाज

आलो एकदाचा. जगाची सफर करून येऊ, मग धागा परत मुठेकाठी.

'ब्लू डॅन्यूब': योहान स्ट्राउस धाकटा, पहिला प्रयोग १५ फेब्रुवारी १८६७, व्हिएन्ना. आज आपण ते नुसतं वाद्यांवर ऐकतो, पण पहिल्यांदा पुरुषांच्या गायकवृंदाने शब्दांसकट गायलं होतं. आदल्याच वर्षी ऑस्ट्रियाने प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला होता, शहर उदास होतं. जाबबिब काही नाही, पण हरलेल्या शहराला नदीने नाचायला लावलं.

व्होल्गा: 'एय उखनेम'. नावा दोरांनी ओढणाऱ्या बुर्लाकांचं श्रमगीत. रशियन गायक शाल्यापिनच्या आवाजात ऐकाच. हेही नदीशी बोलत नाही, खांद्यावरच्या दोराशी बोलतं.

नाईल: महंमद अब्दुल वहाबचं 'अल नहर अल खालिद', म्हणजे अमर नदी, १९५४. पूर्ण आळवणी आहे.

पीत नदी: 'यलो रिव्हर कांताता', १९३९, चीनमधलं येनान. संगीत शियान शिंगहाय. जपान्यांविरुद्धच्या लढाईत नदीलाच गर्जना करायला लावलीय. त्याच वर्षी आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं वैद्यकीय पथक येनानला पोहोचलं होतं. गायकवृंद नदीची गर्जना करतोय आणि त्याच गावात मराठी डॉक्टर जखमींवर उपचार करतोय, हे मनात आलं की काटा येतो.

मिसिसिपीचंच अजून एक: 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', १९२९, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅककॉय. १९२७ च्या महापुरावरचं. बांध फुटला की कुठे जायचं, एवढाच प्रश्न. १९७१ मध्ये लेड झेपलिनने ते पुन्हा गाजवलं, आमच्या होस्टेलच्या भिंती त्याने हादरायच्या.

सदाशिवपेठी

बांध फुटण्यावरून विचारतो. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पेठांच्या पेठा पाण्यात गेल्या. आमच्या वाड्याच्या जिन्यावर पाण्याची खूण अजून दाखवतात. घरोघरी आठवणी आहेत, पण सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं नाही. त्या वेळी गदिमा पुण्यात, गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून नुकतं पाच-सहा वर्षांपूर्वी घराघरांत गेलेलं. एवढं सगळं इथे असून या शहराने स्वतःच्या पुराचं गाणं का केलं नाही?

पाचवी_ब

माझे वडील त्या दिवसाबद्दल विचारलं तरी विषय बदलायचे. मला वाटतं, कित्येकांना ते गाण्यासारखं वाटलंच नसेल. शिवाय तो पूर नदीचा नव्हता. धरण फुटलं होतं. मुठेला काय विचारणार?

इंदापूरचा_गडी

ताई, हेच मी म्हणत होतो.

निळी_पहाट

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

१९२७ हे साल या धाग्यावर दोनदा आलं. 'शो बोट' डिसेंबर १९२७. मिसिसिपीचा महापूर १९२७. आपल्याकडे २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. माझ्या घरी पाण्याची जी गाणी होती ती नदीची नव्हती, चवदार तळ्याची होती. जयंतीला, गायन पार्ट्यांत, लग्नात, बारशाला. वामनदादा कर्डकांपासून पुढे कितीतरी शाहिरांनी महाडचं पाणी गायलं. ती गाणी लाखो लोकांच्या तोंडी आहेत, तुमची अट ती सहज पुरी करतात.

नदीला माई म्हणायचं तर घाटाच्या पायऱ्या उतरता आल्या पाहिजेत. १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, गोदावरीच्या काठावरच. ज्यांना पाणवठाच बंद होता त्यांनी नदीची आळवणी कशी करायची? आणि जाब विचारायचा तर तो नदीला कशाला? आमच्या शाहिरांनी जाब विचारला तो पाणवठा अडवणाऱ्यांना. 'मराठीत जाब विचारणारं पाण्याचं गाणं नाही' हे म्हणणं म्हणून मला पटत नाही. भरपूर आहेत. या धाग्यावर ती एवढा वेळ कोणाला आठवली नाहीत.

कोथरूडचा_बंड्या

विषय नदीवरच्या गाण्यांचा आहे, तळ्याचा नाही. प्रत्येक धागा तिकडे न्यायलाच हवा का?

मुठेकाठी

बंड्या, धागा माझा आहे आणि हा प्रतिसाद मला विषयाच्या अगदी मध्यावर वाटतो. रॉबसनच्या गाण्यातला हमाल काळा आहे म्हणूनच ते गाणं तसं आहे. नदी सगळ्यांसमोरून सारखीच वाहते, पण काठ सगळ्यांना सारखा मिळत नाही, हेच तर तो गातोय. निळी_पहाट, तुमच्या घरी म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांबद्दल अजून लिहाल का? चाली कशा होत्या, कोण म्हणायचं, तेही.

निळी_पहाट

जरूर. माझी आत्या म्हणायची, ढोलकी आणि चाळांच्या साथीने. तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग भावाकडे कॅसेटवर आहे, ते उतरवून घेतो आणि वेगळा धागाच काढतो.

भीमथडी

बंड्याला एक आठवण. राज्यगीतात, राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' मध्ये, पहिल्याच कडव्यात रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा, गोदावरी एकामागून एक येतात आणि त्या मातीच्या घागरींत एकपणाचं पाणी भरतात. श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत आहे. एकपणाचं पाणी म्हटलं की ते सगळ्यांच्या घागरीत पडलं पाहिजे, एवढंच.

परिक्रमावासी

रेवा, म्हणजे नर्मदा, आली म्हणून लिहितो. नर्मदाकाठी सकाळ-संध्याकाळ नर्मदाष्टक कानावर येतं, पण माझ्या मनात 'इंडियन ओशन' या बँडचं 'मा रेवा' घर करून आहे. 'कंदिसा' अल्बम, २०००. त्यांचा राहुल राम नर्मदा आंदोलनात वावरलेला, तिथल्या खोऱ्यातलंच गाणं त्याने शहरातल्या पोरांपर्यंत आणलं. शब्द सगळे स्तुतीचे आहेत. आईचं पाणी गोड, आई वाहत राहो. पण ज्यांचं गाव धरणात चाललंय त्यांनी ते म्हटलं की अर्थ पालटतो. आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आधी बुडालं. तिथल्या माणसाने 'माई, तू वाहत राहा' म्हटलं तर ते मागणं सरदार सरोवराच्या भिंतीला ऐकवलेलं असतं.

म्हणून वाटतं, गाण्यात जाब आहे की स्तुती, हे नुसते शब्द वाचून ठरत नाही.

गोदातीर

मी उशिरा आले, पण मुठेकाठी ताईंना हवंय ते गाणं माझ्याकडे आहे.

माझी आजी पैठणजवळची. तिच्याकडे गोदावरीला सरळ 'गंगा' म्हणतात. जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत गंगा सारखी यायची, आणि ती काही नेहमी ओटी भरून घेणारी गंगा नसायची. पंचमीला नाहीतर दिवाळीला भाऊ न्यायला यायचा, गंगेला पूर असायचा, भाऊ पल्याड अडकायचा. मग आजी ओवीत गंगेला चांगली फैलावर घ्यायची. किती माजलीस, माझ्या भावाची वाट का अडवलीस, तुला काय भाऊ नाही का, या तऱ्हेचं. पुढच्याच ओवीत तिला चोळी-बांगडीचं आमिष दाखवायची, पण आधी खडसावून घ्यायची. नावाड्याला बोलणी बसायची ती वेगळीच.

सासुरवाशिणीला घरात कोणाला उलटून बोलता येत नव्हतं. सासूला नाही, नवऱ्याला नाही. नदीला बोलता येत होतं. ती घरचीच होती आणि उलट उत्तर देत नव्हती. वर लुइतपार दादा म्हणतात की आईला असं विचारायला जीभ उचलत नाही. आमच्या आजीची उचलायची, कारण ती गंगेशी आई म्हणून बोलतच नव्हती, बरोबरीची बाई म्हणून बोलत होती.

हे एकट्या माझ्या आजीचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं प्रचंड काम केलं, एक लाखाहून जास्त ओव्या गावोगावच्या बायांकडून घेतल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात. भाऊ, नदी, पूर शोधत बसा, रात्र पुरणार नाही. गिरणी आली, जातं थांबलं, ओव्या थांबल्या. त्यातला चंद्रभागेचा आणि विठोबाचा भाग कीर्तनांतून, कॅसेटांतून पुढे आला. नदीशी घातलेली हुज्जत मागे राहिली, कारण ती पहाटे अंधारात एकट्या बाईने घातलेली होती. मंचावर जायची तिला सोय नव्हती.

वाईकर

गोदातीर ताई, हे वाचून थांबलो थोडा वेळ. माझी आईही कृष्णेला 'काय गं बाई, किती वाढलीस' म्हणत पुरात हळदकुंकू टाकायची. ते बोलणं आणि ते कुंकू एकाच श्वासात असायचं.

इंदापूरचा_गडी

२०१९ च्या पुरात माझी बहीण सांगलीला होती. आयर्विन पुलावरच्या पाण्याचे फूट दर तासाला फोनवर सांगायची आणि मधेच कृष्णेला शिव्या द्यायची. मी वर लिहिलं की नदीला जाब विचारणं शहरी वाटतं. गोदातीर ताईंचं वाचल्यावर ते वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही. पण धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं हा प्रश्न सोडणाऱ्यालाच विचारीन, कृष्णेला नाही.

सप्तसूर

'संथ वाहते' काल पूर्ण ऐकलं, शेवटच्या कडव्यासकट. डावजेकरांनी त्या कडव्यालाही चाल तीच ठेवलीय, कुठे सूर चढवला नाही. एवढी कडक गोष्ट आणि आवाज तसाच संथ. मोठी माणसं.

मुठेकाठी

सगळ्यांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतलेत. आमच्या गटाची महिन्याची घरगुती मैफल असते, या वेळी नद्यांची करायचं ठरवलंय. क्रम असा मनात आहे: आधी 'बिस्तीर्ण पारोरे', लगेच 'संथ वाहते' सगळ्या कडव्यांसकट, मग गोदातीर ताईंच्या आजीच्या ओव्या, मग निळी_पहाट यांच्या आत्याचं कॅसेटवरचं चवदार तळ्याचं गाणं, त्यांची परवानगी असेल तर. शेवट 'मा रेवा', सगळ्यांनी मिळून. गोदातीर ताई, ओव्या तुम्हीच येऊन म्हणाल का? जातं आमच्याकडे आहे, खुंटा बसवून घेते.

असमियाचे उच्चार मात्र अडतायत. लुइतपार, मदत करा.

गोदातीर

येते. पण जात्यात ज्वारी घाला, रिकामं जातं फिरवून ओवी येत नाही.

निळी_पहाट

परवानगी कसली, आनंदाने. आत्याच आली तर? ऐंशी ओलांडलीय, पण माइक दिसला की ठणठणीत होते. विचारून सांगतो.

लुइतपार

मुठेकाठी ताई, मुख्य अडचण 'स'ची आहे. असमियात श, ष, स लिहिलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी ख आणि ह यांच्या मधला, घशातून निघणारा मऊ आवाज येतो. आणि आपण जिथे च-छ वाचतो तिथे ते स म्हणतात. 'अ' थोडा ओ-कडे झुकतो. बंगाली गाण्याच्या सवयीने म्हणायला गेलात तर हमखास चुकेल, त्यामुळे बंगाली आवृत्ती आठवडाभर ऐकू नका. सगळे शब्द मी देवनागरीत उच्चारांप्रमाणे लिहून व्यक्तिगत निरोपात पाठवतो. रविवारी सकाळी फोनवर एकेक ओळ म्हणून घेऊ. स्वर कुठला धरताय तेवढं कळवा, भूपेनदांचा खर्ज बायकांना जड जातो.

मुठेकाठी

काळी चार धरलीय. रविवारी साडेआठ चालेल.